‘अनाठायी’ म्हणजे काय?

(दिग्रस इथं शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आज मला एकल स्त्रियांच्या प्रश्नावर बोलायला सांगितलं आहे. सातबारा, रेशनकार्ड, पेन्शन यांबद्दल सकाळपासून आपण बोललो. ते प्रश्न सुटलेले नाहीत, आणि ते मी बाजूला सारत नाही. पण माझ्या वाट्याच्या वेळात मी कबड्डीबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेत हसू आलेलं दिसतंय. येऊ द्या. दोन वर्षांपूर्वी मीही हसलेच होते, आणि त्या हसण्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्यासमोर मांडायची म्हणून आज उभी आहे.

ज्या बाईबद्दल मी बोलणार आहे ती आपल्यातलीच आहे. तिला मी मावशी म्हणते. नाव सांगत नाही. भाषणात तुमच्याबद्दल बोलू का, असं विचारलं तेव्हा तिनं एक अट घातली. “सांगजा, पण कोणाले रडवजा नोको. माह्यावर लय रडून झालं हाय.” तेव्हा ती अट मी पाळणार आहे.

मावशी सातवी शिकलेली. दोन एकर कोरडवाहू, तीही सासऱ्याच्या नावावर. २०१५ साली नवऱ्यानं आत्महत्या केली. आपल्या जिल्ह्यात यापुढचं सगळ्यांना पाठ आहे. चौकशी होते, प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर एक लाख मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. मावशीचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. पदरात एक मुलगी. दीर म्हणाला, मुलीला जमीन काय करायची. मावशी वेचणीला, निंदणाला, सोयाबीनच्या सोंगणीला जाऊ लागली. मुलगी शिकली आणि २०१९ मध्ये पुण्याकडे एका कारखान्यात कामाला लागली.

आता कबड्डी. मावशी लहानपणी कधी कबड्डी खेळली नाही. खेळायचा तो भाऊ. ही त्याचे कपडे धुवायची. ती सांगते, “सदऱ्याच्या पाठीले माती असली का समजे, आज भाऊ पकडल्या गेला. पोटाले माती असली का समजे, रेषेले हात लावून आला.” मैदान न पाहता तिला निकाल कळायचा. आपण जिला खेळाची समज म्हणतो, ती तिला धुण्याच्या दगडावर आली.

प्रो कबड्डी लीग सुरू झाली २६ जुलै २०१४ ला, आठ संघांनी. मावशीच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. तिनं पहिल्यांदा हा खेळ पाहिला तो २०१६ च्या जुलैमध्ये, शेजारच्या घरी, दारात उभं राहून. आणि लक्षात घ्या, तिनं पहिल्यांदा पाहिल्या त्या बायका. त्या एका हंगामात पुरुषांच्या सामन्यांसोबत बायकांचीही छोटी स्पर्धा ठेवली होती. तीन संघ होते. फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. कर्णधार होत्या ममता पुजारी, आपली अभिलाषा म्हात्रे आणि तेजस्विनी बाई. ३१ जुलै २०१६ ला हैदराबादला अंतिम सामना झाला आणि स्टॉर्म क्वीन्सनं तो २४-२३ असा एका गुणानं जिंकला. मावशीला तो गुणफलक आजही तोंडपाठ आहे. “लेकीबाळी चड्डीवर खेळून राहिल्या होत्या, आन् कोणी दगड नाई मारत होतं. टाळ्या मारत होते,” हे तिचे शब्द.

शेजारणीनं एकदा टोमणा मारला, तशी मावशी तिकडे जायची बंद झाली. दोन हंगामांच्या वेचणीतून पैसे बाजूला ठेवून तिनं जुना टीव्ही घेतला. पण तोवर टीव्हीवर फक्त पुरुष उरले होते. बायकांची ती स्पर्धा प्रो कबड्डीत त्यानंतरच्या हंगामांत पुन्हा दिसली नाही. मावशी म्हणाली, “मंग जे हाय तेच पायलं.” लेक पुण्याला गेली तेव्हापासून तिचा संघ ठरला. पुणेरी पलटण.

आता ज्यांना या स्पर्धेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दहाव्या हंगामाचं उदाहरण घेऊ. २ डिसेंबर २०२३ ला तो सुरू झाला. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. त्यातले वरचे सहा संघ पुढे गेले. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, बाकीच्या चौघांना आधी आपसांत खेळावं लागलं. याला प्लेऑफ म्हणतात. साखळीत हरलं तर उद्या भरून काढता येत होतं, त्या हंगामात प्लेऑफमध्ये हरलं की घरी. एक सामना चाळीस मिनिटांचा, वीस-वीसचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती. त्या पाच मिनिटांत पुण्याहून लेकीचा फोन येतो. लेक तिकडे मोबाईलवर पाहत असते. “त्यानं बोनस घ्यायले पायजे होता”, “नाई वो आई, कोपरा आत आला होता”, असं दोघींचं चालतं. जेवलीस का, औषध घेतलं का, हेही त्यातच.

मावशी दर सामन्याचा हिशोब ठेवते. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर, पेन्सिलीनं. चढाईच्या गुणाला उभी रेघ, पकडीच्या गुणाला आडवी, लोण चढला की गोल. पंचाचा निर्णय तिला पटला नाही तर त्या रेघेला ती फुली मारते. आमच्या बचत गटाच्या वहीपेक्षा तो हिशोब नीट असतो, हे मी जबाबदारीनं सांगते.

त्याच डिसेंबरात मी तिच्या घरी गेले होते. एका योजनेत गरजू एकल स्त्रियांना शेळ्यांसाठी मदत द्यायची होती. घरभेटी करायच्या, अर्ज भरायचा आणि शेवटी एक रकाना असतो, ‘कार्यकर्तीचा शेरा’. मी समाजकार्यात एम. ए. केलेलं. गृहभेट कशी करावी, निरीक्षण कसं नोंदवावं, यावर परीक्षेत उत्तरं लिहिलेली. मी पाहिलं. कुडाची एक भिंत पडायला आलेली, टीव्ही चालू, डिशचं रिचार्ज ताजं, बाई माझ्याशी बोलताना एक डोळा पडद्यावर. मी शेरा लिहिला, “घरात टीव्ही व डिश आहे. मनोरंजनावर अनाठायी खर्च. प्राधान्यक्रमाची जाणीव कमी.” तीन ओळी. हात जरासुद्धा थरथरला नाही.

पुढे फेब्रुवारी उजाडला. २८ फेब्रुवारी २०२४, बुधवार. आठ मार्चच्या कार्यक्रमाची तयारी म्हणून संध्याकाळी सातला गटाची बैठक ठेवली होती. मुद्दा काय होता सांगू? ‘स्त्रीचा स्वतःवरचा हक्क’. पावणेआठला मावशी उठली. मी विचारलं, “काय मावशी, कुठं निघालात?” ती म्हणाली, “मॅडम, आज माही सेमीफायनल हाय.” सगळ्या हसल्या, मीही हसले. मग म्हटलं, “मावशी, थोडं गांभीर्यानं घ्या. हे तुमच्यासाठीच चाललंय.” ती जराशी थांबली. “हाव,” म्हणाली आणि गेली. माझा चेहरा पडला. त्या रात्री पलटणनं पाटणा पायरेट्सना ३७-२१ असं हरवलं, हे मला फार नंतर कळलं.

१ मार्चला हैदराबादला अंतिम सामना झाला. पुणेरी पलटण विरुद्ध हरयाणा स्टीलर्स. पलटण २८-२५ नं जिंकली. पहिल्यांदाच. त्याच्या आदल्या हंगामात, १७ डिसेंबर २०२२ ला, हाच संघ जयपूरकडून ३३-२९ नं अंतिम सामना हरला होता. म्हणजे मावशीनं सव्वा वर्ष या दिवसाची वाट पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या केंद्रावर आली ती गूळ-शेंगदाणे घेऊन. कर्णधार अस्लम इनामदार, पंकज मोहितेची एका चढाईत चार गुणांची ती अव्वल चढाई, सगळं हातवारे करून सांगत होती. नेमकी त्याच सकाळी आम्ही निवड यादी भिंतीवर लावत होतो. मावशीनं यादी वाचली. पुन्हा वाचली. मग मला म्हणाली, “माहं नाव नाई दिसत.”

मी काहीबाही बोलले. निकष, गुण, पुढच्या वेळी. ती म्हणाली, “माहा कागद दाखवा.” दाखवायला हवाच होता, तो तिचा हक्क होता. तिनं बोट ठेवत ठेवत शेरा वाचला. एका शब्दावर अडली. “अनाठायी म्हणजे काय?”

मी म्हटलं, “म्हणजे... जिथं गरज नाही तिथं.”

तिनं विचारलं, “गरज कोणाले?”

मैत्रिणींनो, एम. ए. च्या दोन वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिनं गूळ-शेंगदाणे टेबलावर ठेवले आणि वाटून घ्या म्हणाली. भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी मी तिच्या घरी गेले, अर्ज न घेता. तेव्हा तिनं जे सांगितलं ते थोडक्यात सांगते, कारण अट मला आठवते आहे. नवरा शेतातून यायची वेळ आठची. तो गेल्यावर रोज आठ वाजले की तिचं लक्ष दाराकडं जायचं. “आठ वाजले का कोणी येईन असं वाटे. आता आठ वाजता सात जण येते.” सात म्हणजे संघातले खेळाडू. हे ती हसत हसत म्हणाली.

मग म्हणाली, “दीर म्हणे, नवरा मेला आन् ही टाळ्या वाजवते. मी म्हटलं, तो होता तवाबी मले टाळ्या वाजवता येत होत्या, पण वाजवाले जागा कुठी होती?” जमिनीच्या वादात दिरानं चार लोकांसमोर हेच काढलं होतं. हिला दुःख नाही, टीव्ही पाहते, हिला कसली मदत. आणि मी? मी दिराचंच वाक्य शुद्ध मराठीत लिहून दिलं होतं. एका कागदानं तिच्या दुःखाला अपात्र ठरवलं. माझ्या कागदानं तिच्या आनंदाला.

घरी येऊन मी स्वतःला विचारलं की मी असं का लिहिलं. दुष्टपणानं नाही लिहिलं. आपण चळवळीतल्या बायका गरीब बाईकडं पाहतो ते नेहमी गरजेच्या बाजूनं. तिची भूक, तिचं कर्ज, तिला झालेली मारहाण, तिचं रक्त कमी, हे सगळं आपल्याला दिसतं आणि दिसायलाच हवं. पण तिला काहीतरी आवडतं, हे आपल्या रकान्यात बसत नाही. तिचा वेळ उपयोगी असला पाहिजे, असं आपणच धरून चालतो. तिनं बैठकीला यावं, प्रशिक्षणाला यावं, पापड लाटावेत. या सगळ्याच्या वर उरलेला वेळ तिनं नुसता आवडीत घालवला तर सासूला खटकतं, दिराला खटकतं, आणि आपल्यालाही. मी स्वतः रविवारी दुपारी कादंबरी वाचत लोळते. त्याला मी ‘अनाठायी’ म्हणत नाही, ‘स्वतःसाठी वेळ’ म्हणते. तोच वेळ मावशीनं घेतला की ‘प्राधान्यक्रमाची जाणीव कमी’.

आता थोडं आकड्यांत पाहू. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २८९ मिनिटं भरली, आणि घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची ८८. जे पुरुष हातच लावत नाहीत ते या ८८ मध्ये धरलेलेही नाहीत. २८९ मिनिटं, बिनमोलाची. आणि मावशी मागत होती चाळीस. तीही वर्षातले काही महिनेच.

बैठकीचा तो किस्सा मी गटात पुन्हा काढला आणि या वेळी माझी चूक म्हणून काढला. वाद झाला. एक जण म्हणाली, “ताई, मग माझी सून रात्रभर मालिका पाहते, तोही हक्कच का?” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. दुसरी म्हणाली, “हे सगळं बाजाराचं आहे. खेळाडूंचा लिलाव होतो, जाहिराती दाखवायला हे सामने असतात.” तेही खरं. त्या दहाव्या हंगामाच्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांवर बोली लागली होती. सामन्यांच्या आडून पैशाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती घराघरांत आल्या, पोरांनी पैसे घालवले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राला कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करावे लागले. बाजाराबद्दल आपण सावध असलंच पाहिजे.

पण मी त्या मैत्रिणीला विचारलं, बाजार कापसाचाही आहे, म्हणून आपण वेचणाऱ्या बाईला दोष देतो का? आणि मावशी बाजाराला काही भुललेली नाही. तिचा आवडता खेळाडू इराणचा, मोहम्मदरेझा शादलुई. ती त्याला शादलू म्हणते. पुण्याला जिंकून दिल्यावर पुढच्या वर्षी तो लिलावात हरयाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरयाणाला जिंकून दिलं, तेही पुण्यातल्या बालेवाडीत. मी चिडवलं, “काय मावशी, गेला तुमचा शादलू.” ती म्हणाली, “आपुन एकडाव माहेर सोडतो तर किती रडतो. त्याले तर दर वर्साले सासर बदलवा लागते.” लिलावावर इतकं नेमकं मी कुठं वाचलेलं नाही.

मालिकेबद्दल मी एवढंच म्हटलं की सुनेनं काय पाहावं हे आपण ठरवू नये. पण ती पाहत असताना भांडी कोण घासतं, हा प्रश्न विचारावा, आणि तो मुलालाही विचारावा.

याच शादलूवरून मावशीनं मला एक दिवस विचारलं, “त्याच्या गावच्या बायका पायतात का जी सामने?” मला माहीत नव्हतं. मी शोधलं. इराणमध्ये बायकांना पुरुषांचे फुटबॉल सामने मैदानात बसून पाहायला जवळपास चाळीस वर्षं मज्जाव होता. सहर खोदायारी नावाची एक तरुणी होती. एका संघाची निस्सीम चाहती. मार्च २०१९ मध्ये पुरुषाचा वेष करून ती मैदानात शिरायला गेली आणि पकडली गेली. सप्टेंबरमध्ये तुरुंगवासाच्या धास्तीनं तिनं न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यात ती गेली. जगभर आरडाओरडा झाला. १० ऑक्टोबर २०१९ ला तेहरानच्या आझादी मैदानात काही हजार इराणी बायका तिकीट काढून सामना पाहायला बसल्या.

आणि याच इराणच्या बायकांचा कबड्डी संघ! २०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी आपल्या संघाला २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं. त्यांची प्रशिक्षक होती नाशिकची शैलजा जैन. आपल्या मराठी बाईनं तिकडं जाऊन, त्यांची भाषा शिकून त्यांना जिंकायला शिकवलं. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिला हरल्याचं वाईट वाटावं की जिंकल्याचा आनंद, हेच ठरवता येईना. सहरचं ऐकून मात्र ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तिच्या दारात पोलीस होते. आपल्या दारात कोण हाय? तरी आपुन काहून नाई बसत?”

हे ‘काहून’ घेऊन आम्ही गटात बसलो. प्रत्येकीनं आपल्या दिवसाचं घड्याळ काढलं. स्वतःच्या आवडीसाठी किती वेळ, या घरात बहुतेकींनी काही लिहिलंच नाही. एकीनं लिहिलं, ‘आंघोळ’.

आता गेल्या ऑक्टोबरबद्दल सांगते. २०२५ चं ते वर्ष तुम्हाला माहीतच आहे. पावसानं सोयाबीन नासलं होतं, दिवाळी कशीबशी झाली होती. त्याच आठवड्यात प्लेऑफ लागले. २९ ऑक्टोबरला पलटणनं तेलुगू टायटन्सना हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. तो सामना पाहायला मावशीच्या घरी आम्ही चौघी होतो. दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, नवी मुंबईत बायकांच्या क्रिकेट विश्वचषकाची उपांत्य लढत. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग, आणि मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७. त्या रात्री मावशीच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ३१ ला दिल्लीत कबड्डीचा अंतिम सामना. पलटण दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. तीन गुणांनी. मावशीनं कालनिर्णयवर शेवटची रेघ मारली, पेन्सिल कानामागं खोचली आणि म्हणाली, “चला, आता जेवा.” आणि २ नोव्हेंबरला, रविवारी, आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला.

या पाच दिवसांत आमच्या वस्तीत जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बायका रात्री आठ वाजता घराबाहेर पडल्या. भजनाला नाही, हळदीकुंकवाला नाही, दवाखान्यात नाही, बैठकीलाही नाही. आवडतं म्हणून. पहिल्या दिवशी सगळ्या घाईघाईनं पोळ्या टाकून आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दोघींच्या घरी नवऱ्यानं खिचडी टाकली. एकीच्या घरी दार आतून लावून घेतलं होतं, ती मावशीकडेच झोपली. म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. ‘सामना पाहायला जाते’ एवढ्या एका वाक्यानं कुठल्या घरात काय दडलंय ते बाहेर आलं. जे आमच्या सर्वेक्षणात आलं नव्हतं.

त्याच ओट्यावर नववीतल्या एका मुलीनं मावशीला विचारलं, “आजी, आपल्या बायकांची कबड्डी कवा लागते टीव्हीवर?” मावशीनं तिला २०१६ ची ती २४-२३ ची गोष्ट सांगितली. मुलगी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली असेल. पुढे तीनच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, ढाक्यात आपल्या मुलींनी चिनी तैपेईला ३५-२८ असं हरवून कबड्डीचा विश्वचषक पुन्हा जिंकला. आमच्या वस्तीत तो सामना कोणी पाहिला नाही. मावशीला दोन दिवसांनी पेपरात कळलं. तिला राग आला. “क्रिकेटच्या पोरी जिंकल्या तर रातभर फटाके. ह्या पोरींनी काय केलं होतं?” हाच पहिला विश्वचषक २०१२ मध्ये पाटण्यात आपण जिंकला होता, त्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या मुली होत्या. किती जणींना ही नावं ठाऊक आहेत? कोणी पाहिलंच नाही तर दाखवणारेही दाखवत नाहीत. आणि दाखवत नाहीत म्हणून पाहायला मिळत नाही. ही गाठ सुटायची तर पाहणाऱ्या बाईलाही किंमत आली पाहिजे. प्रेक्षक म्हणून तिनं मागणी केली पाहिजे.

माझ्या शेऱ्याचं पुढं काय झालं, ते सांगून संपवते. मी लेखी दुरुस्ती दिली, चूक माझी आहे असं नोंदवलं. पुढच्या यादीत, आठ महिन्यांनी, मावशीला शेळ्या मिळाल्या. आठ महिने तिचं नुकसान झालं ते झालंच, ते मला भरून देता आलेलं नाही. आमच्या अर्जातून टीव्हीचा प्रश्न काढला. ‘कार्यकर्तीचा शेरा’ आता त्या बाईला वाचून दाखवल्याशिवाय आणि तिचं म्हणणं शेजारी लिहिल्याशिवाय पुढं जात नाही.

तुमच्या गटांसमोर तीन गोष्टी ठेवते, पटतात का पाहा. एक, गटाच्या बैठकीची वेळ ठरवताना बायकांना त्या वेळी काय आवडीचं असतं, हेही विचारा. फक्त स्वयंपाकाची वेळ सांभाळू नका. दुसरी, तुमच्याकडे अर्ज, यादी, निवड असं काही असेल तर आपले शेरे एकदा काढून वाचा. ‘अनाठायी’, ‘हौस’, ‘चैन’ असे शब्द कुणाबद्दल लिहिलेत ते पाहा. आणि तिसरी, शाळेच्या मैदानावर मुलींना खेळायला आठवड्यातून किती तास मिळतात, ते शाळेत जाऊन विचारा. सदऱ्याच्या मातीवरून भावाचा खेळ ओळखणारी दुसरी मावशी आपल्याला नको आहे. मुलींच्या स्वतःच्या कपड्यांना माती लागू द्या.

मावशी आज इथं आली आहे. कुठं बसली आहे ते सांगत नाही. सकाळी तिनं मला विचारलं, “भाषण किती वेळ?” मी म्हटलं, “चाळीस मिनिटं.” ती म्हणाली, “मधात पाच मिनिटं सुट्टी देजा.” ती द्यायची राहून गेली. ती आता घ्या, चहा घ्या, आणि मग वाद घालायला परत या.